जोधपूरचा मे आणि पुणेरी शरीर: पहिले चौदा दिवस आणि घराची लावालाव

प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रोडला वाढलेल्या ३४ वर्षांच्या अभियंत्याची १० मेपासून जोधपूरला बदली झाली आहे. आठवड्यातले चार दिवस फलोदीकडच्या सौर प्रकल्पावर उघड्यावर काम असेल. सोबत पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे ६८ वर्षांचे वडील. पुण्यातही पारा चाळीसला टेकतो, मग तिथे वेगळं काय? शरीर किती दिवसांत सरावतं? आणि कूलर घ्यावा की एसी?

आधी पुण्याच्या चाळिशीबद्दल. पुण्याच्या नोंदींत एप्रिलचा उच्चांक ४३.३ अंश आहे, तोही १८९७ सालचा. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. पण फरक या आकड्यांत फारसा नाही, तो रात्रीत आहे. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, मेमध्येही पहाटे पारा बावीस-तेविसापर्यंत उतरतो, आणि फारच तापलं तर वळवाची एखादी सर येऊन जाते. म्हणजे दिवसभर तापलेलं शरीर रोज रात्री निवतं. जोधपूरला मेमधलं सरासरी किमान तापमानच सत्ताविसाच्या आसपास असतं. दगडी घरात, वरच्या मजल्यावर, मध्यरात्री खोलीत चौतीस-पस्तीस अंश असणं नवलाचं नाही. शिवाय पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, या हिशेबावर आपला सगळा उन्हाळा बेतलेला असतो. तिथे जून हा उन्हाळ्याचा भर असतो आणि पाऊस बहुधा जूनअखेरीस किंवा जुलैत येतो. म्हणून नियोजनाचा पहिला पैसा आणि पहिली अक्कल झोपायच्या खोलीवर खर्च करा. दिवसाचं ऊन टाळता येतं, रात्र टाळता येत नाही.

आता शरीर सरावतं म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. पहिल्या चार-सहा दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो, त्यामुळे त्याच कामाला हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. पुढच्या आठवड्यात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. नवख्या माणसाच्या लिटरभर घामातून साधारण तीन ग्रॅम मीठ जाऊ शकतं. सरावलेल्याचं त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. हे सगळं पूर्ण व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. मात्र त्याला एक अट आहे, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं: शरीर गरम झालं तरच ते शिकतं. एसी घरातून एसी गाडीत आणि गाडीतून एसी ऑफिसात जाणारा माणूस महिनाभर जोधपूरला राहूनही पुणेरीच राहतो. मग एखाद्या दिवशी साइटवर दोन तास उभं राहायची वेळ आली की त्याला भोवळ येते. उलट पहिल्याच दिवशी आठ तास उन्हात उभं राहणं हा दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याच्या म्हणण्यानुसार उष्णतेमुळे होणाऱ्या कामगार-मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्या दिवशी होतात आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. हे बळी कमजोर असतात असं नाही, नवखे असतात.

म्हणून साइटवरचं ऊन मोजून घ्या. नवख्या माणसासाठी रूढ प्रमाण असं आहे: पहिल्या दिवशी पूर्ण पाळीच्या २० टक्के, मग रोज २० टक्क्यांनी वाढ. आठ तासांच्या पाळीत पहिल्या दिवशी दीड तास, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी पावणेपाच, चौथ्या दिवशी साडेसहा आणि पाचव्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ सावलीत किंवा केबिनमध्ये कागदांचं काम. ही सवलत नाही, सुरक्षेचा नियम आहे, हे साइट-प्रमुखाला रुजू होण्याआधीच लेखी कळवा. तिथे पोहोचल्यावर तोंडी सांगितलं की नव्या माणसाला ते सांगणं जड जातं आणि ऐकणाऱ्याला हलकं वाटतं. उन्हातलं जास्तीत जास्त काम सकाळी सहा ते अकरा या वेळात मागून घ्या. पुण्याची 'दुपारी एक ते चार बंद' ही शिस्त इथे उपयोगी आहे, फक्त तिचे तास बदला: बारा ते पाच. पारा सर्वांत वर जातो तो साडेतीन-चारच्या सुमाराला. चार वाजता 'ऊन उतरलं' म्हणून बाहेर पडणं ही पुण्याची सवय आहे आणि तिथे ती नडते.

तयारी पुण्यातच सुरू करता येईल. निघण्याआधी दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी चारच्या सुमाराला ४५ ते ६० मिनिटं अशा गतीने चाला की घाम निथळेल आणि बोलताना थोडी धाप लागेल. तळजाईची चढण यासाठी छान आहे. घरी आल्यावर लगेच गार पाण्याने आंघोळ करू नका. वीस मिनिटं तसेच बसा, शरीर गरम राहू द्या. हा प्रयोग तुमच्यासाठी आणि पत्नीसाठी आहे. वडिलांनी आणि मुलीने यात पडायचं नाही. ताप, जुलाब किंवा आदल्या रात्रीचं जागरण असेल तर त्या दिवशी तुम्हीही नाही.

कोरड्या हवेची एक फसवणूक समजून घ्या. मुंबईत घाम अंगावरून ओघळतो, म्हणून तो दिसतो. जोधपूरला तो निघताक्षणी उडून जातो. अंग कोरडं, शर्ट कोरडा, आणि माणूस म्हणतो 'इथे घामच येत नाही'. संध्याकाळी गडद शर्टावर पांढऱ्या मिठाच्या रेषा दिसतात तेव्हा कळतं. उन्हात अंगमेहनत असेल तर तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून तहानेवर विसंबू नका, घड्याळ लावा: दर वीस मिनिटांनी एक भांडं, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर. तासाला पाऊण लिटर झालं. फार घाम असेल तर थोडं वाढवा, पण तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि सोबतचे लोक 'ऊन लागलंय, अजून पाणी पाज' म्हणत त्याला आणखी अडचणीत टाकतात.

मिठाचं महत्त्व पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त, कारण तेव्हाच घाम खारट असतो. मिठाच्या गोळ्या नकोत, त्यांनी पोट बिघडतं. जेवण न टाळणं हा मुख्य उपाय, कारण आमटी-भाजी-लोणच्यातून बहुतेक मीठ भरून निघतं. साइटवरच्या दिवशी त्यात एक लिटर ओआरएस मिसळा. पुडी घेताना २०.५ ग्रॅमची, एक लिटर पाण्याची, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची आहे ना ते वाचा. औषध दुकानात तशाच दिसणाऱ्या खोक्यांमध्ये नुसती गोड पेयंही मिळतात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर वाढवली की शोषण मंदावतं, मीठ वाढवलं तर धोका. तिथे छाछ गल्लोगल्ली मिळते, ती मीठ-जिऱ्यासकट घ्या. आपलं पन्हं आणि कोकम सरबतही चालेल, पण गूळ-साखरेचा हात आखडता ठेवा. खिशात कांदा ठेवल्याने काही होत नाही. तो जेवणात खा.

पाणी पुरतंय का हे कळायला सोपी खूण म्हणजे सकाळचं वजन. रोज उठल्यावर, लघवी करून, त्याच काट्यावर. आदल्या दिवसापेक्षा दोन टक्के कमी, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं १.४ किलो घटलं असेल, तर काल पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडलं. त्या दिवशी ऊन अर्ध्यावर आणा. लघवी गडद पिवळी असली तर तेच समजा. याकडे सतत दुर्लक्ष झालं की मूतखड्याचा धोकाही वाढतो.

कपड्यांबाबत पुण्याच्या मुली बरोबर आहेत. स्कार्फ, सनकोट, हातमोजे यांची जी थट्टा होते, तो पोशाख वाळवंटासाठी जवळजवळ आदर्श आहे. पत्नीने तो न्यावाच, तुम्हीही घ्या. कारण असं: त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तोवर दुचाकीवरचा वारा सुखावतो. हवा ४४ अंशांची झाली की तोच वारा अंगात उष्णता भरतो, आणि जितका वेग जास्त तितकी जास्त. उघडा हात भाजल्यासारखा होतो. सैल, पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा सुती कपडा आणि डोक्याला ओला पंचा, एवढं पुरे. साइटवर तापलेल्या पॅनेलची काच आणि लोखंडी सांगाडे यांचं तापमान सत्तरच्या घरात जातं, तिथे हातमोज्याशिवाय हात लावू नका.

पंख्यालाही हाच नियम लागू. खोली चाळिसाच्या वर असेल तर कोरड्या अंगावर पंखा म्हणजे भट्टीचा भाता. विशेषतः वृद्धांच्या बाबतीत, कारण त्यांना घाम कमी येतो. वीज आहे पण कूलर-एसी बंद पडलाय अशा वेळी वडिलांचे हात, मान आणि पाय ओल्या फडक्याने पुसत राहा आणि मग पंखा लावा. ओलं अंग आणि वारा ही जोडी थंड करते. नुसता वारा नाही.

आता कूलर. पुण्यात कूलर म्हणजे एसी परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, असा समज आहे. जोधपूरच्या मे-जूनमध्ये तो एसीच्या तोडीस तोड काम करतो, कारण कूलर फक्त हवेच्या कोरडेपणावर चालतो. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगल्या पॅडमधून निघणारी हवा २७ अंशांच्या आसपास असते. तोच कूलर जुलैत, ३८ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेला, ३२ अंशांची दमट हवा देतो आणि अंग चिकचिकतं. म्हणजे कूलर खराब झाला नाही, हवा बदलली. म्हणून उत्तर 'कूलर की एसी' असं नाही: पाऊस येईपर्यंत बैठकीत कूलर आणि झोपायच्या एका खोलीत एसी. एका खोलीत दोन्ही एकत्र लावू नका. कूलर ओल टाकतो आणि एसी ती काढण्यात वीज जाळतो.

कूलर खोलीच्या आत ठेवणं ही नव्या माणसाची सर्वांत मोठी चूक. तो खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर असा बसवायचा, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. हवा बाहेर जायला वाट नसेल तर अर्ध्या तासात खोली दमट होते आणि गारवा संपतो. मोठा डेझर्ट कूलर भर दुपारी तासाला १० ते २० लिटर पाणी पितो, तेव्हा टाकी बघूनच घ्या आणि जमल्यास नळाला फ्लोट व्हॉल्व्हने जोडा. खडकवासल्याच्या पाण्याला क्षार माहीत नाहीत, तिथे बोअरचं पाणी आलं की पॅडवर पांढरा थर चढतो. हवा अडते आणि महिनाभरात गारवा निम्मा होतो. टाकीत उरलेलं पाणी उडून उडून अधिकच खारट होतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण ओतून भरा. वाळ्याचे किंवा गवताचे पॅड दर हंगामाला बदला. हनीकोंबचे, म्हणजे पोळ्यासारख्या जाळीचे, दोन-तीन हंगाम टिकतात, पण क्षार धुवावे लागतात. आणि एक गोष्ट कंटाळा न करता करा: कूलरचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा, त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि पाणी भरताना प्लग काढा. पत्र्याची बॉडी, पाणी आणि अनवाणी पाय यांचा मेळ जीवघेणा असतो. घरात चार वर्षांची मुलगी आहे.

एसी पुण्याहून नेणार असाल तर आधी त्यावरची पाटी वाचा. 'टी-वन' वर्गाचे एसी ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या हवेसाठी बनवलेले असतात, 'टी-थ्री' ५२ अंशांपर्यंत. पहिल्या प्रकारचा एसी नेमका ज्या दुपारी हवा असतो त्याच दुपारी दाब वाढून ट्रिप होतो. मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेतो, आणि संध्याकाळी एसी आपोआप चालू लागतो. बाहेरचं युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, वर सावली, पण चारी बाजूंनी मोकळं हवं. धूळ इतकी असते की जाळी दर आठवड्याला धुवावी लागते. तापमान २६ वर ठेवून पंखा मंद लावा. २० वर ठेवून शरीर लवकर सरावत नाही, बिल मात्र लवकर चढतं.

घर भाड्याने घेताना वरचा मजला नको. जोधपूरच्या जाड दगडी भिंती दुपारपर्यंत घर गार ठेवतात आणि दिवसभर प्यायलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत आत सोडतात. त्यामुळे खिडक्यांचं वेळापत्रक ठरवा: पहाटे चार ते सात सताड उघड्या, आठपासून संध्याकाळपर्यंत बंद आणि पडदे ओढलेले, फक्त कूलरपुरती वाट. वरच्याच मजल्यावर राहावं लागलं तर गच्चीवर पांढरा चुना दोन हात मारून घ्या. टाकीचं पाणी दुपारी आंघोळीलायक राहत नाही, म्हणून रात्रीच दोन बादल्या भरून घरात ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठी माठ घ्या. कोरड्या हवेत तो पुण्यापेक्षा कितीतरी चांगला गार होतो. तिथल्या शहरात कालव्याचं पाणी येतं, पण बोअरचं पाणी पिण्यात असेल तर क्षार आणि फ्लोराइड तपासून मगच घ्या.

मे-जूनमधली आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, दहा मिनिटांत दिवसाची रात्र करते. क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली की कूलर बंद, खिडक्या बंद. कूलर चालू राहिला तर ओल्या पॅडमध्ये चिखल होतो. साइटवर एन-९५ मास्क आणि बंद चष्मा जवळ असू द्या. कोरड्या हवेने नाकातून रक्त येणं पहिल्या पंधरवड्यात सामान्य आहे: डोकं पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा. डोकं मागे टाकू नका. रात्री नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि कडेला किंचित व्हॅसलीन लावलं की बहुतेक थांबतं.

वडिलांविषयी स्पष्ट मत: त्यांना १० मेला नेऊ नका. ऑक्टोबरनंतर न्या. थंडीत जोधपूर त्यांना पुण्याइतकंच मानवेल, फक्त जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या आसपास असतं म्हणून रजई लागेल. मेमध्येच न्यायचं असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी-मीठ आधीच काढत असतात. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या ठोके वाढू देत नाहीत, त्यामुळे त्वचेकडे रक्त नेऊन शरीर गार करणं अवघड होतं. सर्दी-खाज यांवरच्या काही गोळ्या घाम कमी करतात. गरम हवेत रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब आपोआप उतरतो, तेव्हा जुना डोस जास्त ठरू शकतो. पहिले दोन आठवडे रोज सकाळी झोपलेल्या आणि मग उभ्या स्थितीत रक्तदाब मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने उतरला किंवा गरगरलं तर डॉक्टरांना फोन करा. गोळी स्वतःहून बंद करू नका. ओआरएस आणि जास्तीचं मीठही त्यांना विचारूनच.

मुलीला तहान वेळेवर सांगता येत नाही, खेळताना तर नाहीच. दर वीस मिनिटांनी चार घोट समोर धरा. मैदान सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी सातनंतर. पत्र्याची घसरगुंडी हात लावून पाहिल्याशिवाय नाही. सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा ती एरवीपेक्षा मंद, चिडचिडी वाटली तर डॉक्टरकडे. बंद गाडीत तिला एक मिनिटही ठेवायचं नाही, 'फक्त दूध घेऊन येतो' म्हणूनही नाही.

थकवा, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे आणि भरपूर घाम हा पहिला टप्पा. सावली, पाय उंच, ओआरएस, अर्धा तास, आणि त्या दिवशी काम बंद. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला किंवा बेशुद्ध झाला की तो उष्माघात आहे, अंग घामाने ओलं असलं तरी. 'घाम थांबला तरच उष्माघात' हा समज साइटवर माणसं मारतो. आधी थंड करायचं, मग न्यायचं. १०८ ला फोन लावा आणि तो येईपर्यंत कपडे सैल करून, ताडपत्रीची चार टोकं उचलून त्या खोळीत माणसाला ठेवा आणि बर्फाचं पाणी ओता. डोकं पाण्याबाहेर धरून ठेवा. ताडपत्री नसेल तर अंगभर बर्फाळ ओली फडकी दर दोन मिनिटांनी बदलत जोरात वारा घाला. पहिल्या अर्ध्या तासात तापमान चाळिसाच्या खाली आणणं हेच काम. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरत नाही. साइटवर बर्फाची पेटी आणि ताडपत्री आहे का, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

हवामान खात्याच्या भाषेत मैदानी भागात प्रत्यक्ष तापमान ४५ गेलं की उष्णतेची लाट आणि ४७ गेलं की तीव्र लाट. लाटेच्या दिवशी पूर्ण सरावलेल्या माणसानेही पाळीचे तास कमी करावेत.

सराव टिकतो तेवढेच दिवस, जेवढे दिवस ऊन मिळतं. आठवडाभर बाहेर राहिलात की तो उतरायला लागतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक सगळा जातो. जूनमध्ये दहा-बारा दिवस रजा घेऊन पुण्याचा पहिला पाऊस बघायला याल, ते जरूर या. परतल्यावर मात्र 'आता मला सवय आहे' म्हणून थेट पूर्ण पाळी नको: पहिल्या दिवशी निम्मी, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या दिवशी पूर्ण.